हळदीला पाणी देऊन राहिलो

पोलिसांच्या त्या मालिकेला शिव्या देताना आमच्या गावानं जो एकोपा दाखवला, तसा मी जन्मात पाहिला नाही. ग्रामसभेला आमच्याकडे सतरा माणसं जमत नाहीत. तो भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र हॉटेलात इतकी गर्दी झाली की चहाचं आधण पाचदा चढलं आणि एक जण छपरावर बसून मत देत होता. खोटं वाटत असेल तर येऊन पाहा, पत्रा अजून दबलेला आहे.

ही ब्याद गावात आणली मीच. कनेरगाव नाक्याच्या धाब्यावर मालिकेची माणसं हळदीचं रान विचारत होती. मी म्हणालो, आमच्या काकांची हळद इतकी उंच असते की तिच्यात उंट हरवतो. झालं. चार दिवस आमच्या रानात त्यांनी धुडगूस घातला, आणि साक्षीदार शेतकऱ्याचं काम खुद्द काकांनाच दिलं.

आमचे काका म्हणजे गावाचा चालता-बोलता सातबारा. कुणाचा धुरा, म्हणजे बांध, कुठं होता, कोणती वाट कधीची, हे काकांनी बोट दाखवून सांगितलं की भांडणारे दोघंही घरी जात. त्या माणसाच्या तोंडून खोटं निघालेलं कुणी ऐकलं नव्हतं. मालिकावाल्यांनी त्यांना विचारलं, "विहिरीपाशी माणूस मेला तेव्हा तुम्ही काय करत होता? तुमच्या भाषेत सांगा." काका म्हणाले, "मी हळदीला पाणी देऊन राहिलो होतो." मग फोटोपुरत्या म्हणून त्यांच्या हातात बेड्या घातल्या. काका हौसेनं हसले. ते हसू मालिकावाल्यांनी कापून टाकलं.

टीव्हीवर काय दिसलं? इन्स्पेक्टरनं चष्मा काढला. तीनदा ढोल वाजला. "देऊन राहिलो! म्हणजे पाणी देऊन झाल्यावरही तू तिथंच राहिलास. काम संपल्यावर का राहिलास? बोल!" आणि बेड्या. इन्स्पेक्टरला व्याकरणानं खुनी सापडला होता! आमच्याकडं 'देऊन राहिलो' म्हणजे 'देत होतो', हे पाळण्यातलं लेकरूही सांगेल.

हॉटेलात मतं सुरू झाली.

"अन् तो इन्स्पेक्टर पाणी दिलेल्या रानातून पळून राहिला, तरी बूट पांढरेफेक! चिखल काय त्याच्या बापाला भिऊन बाजूला झाला का?"

"शिरला हळदीत अन् निघाला कुठून? कर्दळीतून! मुंबईच्या बागेतली कर्दळ हाये ती. हळद अन् कर्दळ ज्याला कळंना, त्याला खुनी काय कळणार?"

"माह्या मतानं इन्स्पेक्टरच खुनी हाये. कोरड्या बुटाचा माणूस पहिला धरावा."

"ज्यानं लिहिलं त्याला हळदीच्या कढईत उकडा!"

हे वरून आलं, छपरावरून.

इतका वेळ एक माणूस गप्प होता. आमचा धुरेकरी, म्हणजे धुऱ्यापलीकडचा शेजारी. बशीतला चहा फुरकून संपवला आणि म्हणाला, "ते समदं ठीक हाये. पण बेड्या काकालाच पडल्या का न्हाई? मुंबईवाल्याला चार दिवसात कळलं, तुमाला चाळीस वर्षांत कळलं न्हाई. खुन्याची साक्ष खरी मानत आले लेकहो!"

लोक हसले. लाजेनं मेले नाहीत ते, हसले! त्या हसण्यानं माझ्या अंगाची लाही झाली, कारण धुरेकरी गंमत करत नव्हता.

तांड्यावरची एक विधवा बाई, सगळं गाव तिला याडी म्हणायचं, म्हणजे आई. तिच्या शेताची गाडवाट या धुरेकऱ्याच्या रानातून जायची. पेरणीच्या वेळी त्यानं ती नांगरून टाकली आणि म्हणाला, इथं जुनी वाट नव्हतीच, इतके दिवस मीच दयेनं जाऊ दिलं. याडीनं अर्ज केला. आठ दिवसांनी तहसीलचे साहेब पंचनाम्याला येणार होते. ती वाट पूर्वीपासून वापरात पाहिलेला काकांच्या वयाचा दुसरा माणूस उरला नव्हता. काकांचा शब्द पडला, तर याडीला तिच्याच शेतात जायला पंख लावावे लागणार होते.

आणि काकांनी बोलणंच बदललं. ताटावर बसून म्हणाले, "मी जेवत आहे."

काकू दचकली. "कुणाशी बोलून राहिले तुमी? मंत्री आला का घरात?"

"राहिलो म्हणायचं न्हाई आता. लोक हसतात."

आठ दिवस त्यांनी म्हशीलासुद्धा पुस्तकातल्या भाषेत हाकललं. म्हशीनं दूध कमी केलं, हे मी शपथेवर सांगतो.

पंचनाम्याच्या दिवशी अख्खं गाव नांगरलेल्या वाटेवर उभं होतं. साहेब साताऱ्याकडचे, नवीन बदलून आलेले. काका पुढं झाले, हात जोडले आणि शाळेतल्या पोरासारखे म्हणाले, "मी त्या काळी या वाटेने बैलगाडी नेत होतो. या बाईंचे सासरे पुढे चालत होते."

ते इतकं खोटं वाटलं की सख्ख्या पुतण्याचा, माझाही विश्वास बसला नाही.

"पाठ करून आला म्हातारा!" धुरेकरी ओरडला. "इच्यारा त्याला, कोणी शिकवलं!"

साहेबांनी पेन थांबवलं. तेवढ्यात याडी अशी कडाडली की झाडावरची पाखरं वाशीमकडं उडाली. "काका! माह्या वाटंचं वाटोळं करून राहिले तुमी! टीव्हीतल्यावानी काहून बोलून राहिले? तुमच्या तोंडानं बोलायचं असन त बोला, न्हाई त घरी जा!"

काका लालबुंद झाले. जोडलेले हात सुटले.

"मंग ऐक! मी ह्याच वाटंनं गाडी घेऊन जाऊन राहिलो होतो. हिचा सासरा म्होरं चालून राहिला होता. अन् हा," त्यांनी धुरेकऱ्याच्या छातीवर बोट रोखलं, "हा शेंबडा, त्या बाभळीखाली बापाचा मार खाऊन राहिला होता! काहून? त ह्याच वाटंवर काटे टाकले म्हणून! बाप म्हणून राहिला होता, गाडवाट अडवतो का रे, गाढवा!"

गाव खदखदलं. साहेब मात्र कागदावर वाकलेलेच. "एक मिनिट. मार खाऊन राहिला, म्हणजे मार खाल्ल्यावर हे तिथंच राहिले? मुक्कामाला होते का इथं?"

धुरेकऱ्याचा तोल सुटला. "ओ साहेब! मराठी समजती का न्हाई? खाऊन राहिलो म्हंजे खात होतो! बाप मारून राहिला होता अन् मी खाऊन राहिलो होतो! राहातो कशाला तिथं? काटे उचलून पळालो न्हाई का घरी!"

बोलून झालं आणि मग त्याला कळलं, आपण काय बोललो ते. साहेबांनी दोघांचंही लिहून घेतलं, सही घेतली. धुरेकऱ्यानं सही करताना टीव्हीवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या, काकांच्या काढल्या, माझ्याही काढल्या. याडीनं तिथंच दगड लावून वाट आखायला घेतली.

परत येताना काका खुशीत होते. मला वाटलं, आता सांगायला हरकत नाही, हसतील. म्हणालो, "काका, खरं त तुमी ते बोलले त्याच रात्री त्या लिहिणाऱ्यानं धाब्यावर मला इच्यारलं होतं, 'देऊन राहिलो' म्हंजे काय म्हणून. माह्या तोंडात भाकरीचा घास होता. मी म्हणालो, राहिलो म्हंजे राहिलो, दुसरं काय! घाईत होतो."

काका थांबले. माझ्याकडं पाहिलं. गावचा धुरा कुठं चुकलाय हे पाहताना ते जसे पाहतात, तसंच.

"भाकरीच्या घासापायी," एवढंच म्हणाले, आणि पुढं निघून गेले.

त्याला आता वर्ष होत आलं. साऱ्या गावाशी ते बोलतात, धुरेकऱ्याशीसुद्धा, माझ्याशी नाही. परवा चहाला गेलो तर काकूनं कप हातात दिला आणि दाराकडं पाहून हळूच म्हणाली, "तू गोठ्याकडं बैस बाबा. ते येऊन राहिले."

मी कप घेऊन उठलो.