रॉकेल शिंपडलेली भजी

मागाच्या शेडमध्ये कुणी ओरडून बोलत नाही, कारण ओरडून उपयोगच नसतो. ओळीनं लावलेले यंत्रमाग एकदा खडखडायला लागले की स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नाही. मग माणसं ओठांनी बोलतात. तोंड मोठं उघडायचं, शब्द ओठांवर नीट मांडायचा, भुवया आणि हात मदतीला घ्यायचे, आवाज काढायच्या भानगडीत पडायचंच नाही. पलीकडच्या भिंतीपाशी उभा असलेला माणूस तुमचं सगळं म्हणणं वाचतो आणि तिथूनच तुम्हाला शिवी हासडतो. सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरी विणणाऱ्या कुणालाही विचारा.

मॅट्रिकला गचकल्यावर मी अशाच एका शेडमध्ये आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शेजारच्या मागावर उभा राहिलो. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. कामात माझं लक्ष यथातथाच. धागा तुटला हे मला आप्पांनी डोळे वटारल्यावर कळायचं. नकला करण्यात मात्र मी तरबेज झालो. मालक फेरी मारायला आले की मी त्यांच्या पाठीमागे त्यांचंच बोलणं ओठांनी सुरू करायचो. त्यांचं ते पोट पुढे काढून चालणं, दर वाक्याला नाकाला रुमाल लावणं. आख्खी शेड हसायची आणि मालकांना कशाचा पत्ता नसायचा. त्या वेळी वीज जाऊन माग थांबले असते तर आमची हकालपट्टी ठरलेली होती. हसायचे नाहीत ते फक्त आप्पा. मान खाली घालून ते माझा तुटलेला धागा जोडत राहायचे आणि मला त्यांचा फार राग यायचा. सगळ्यांना हसवता येतं आणि घरच्या माणसाला नाही, मग ही कसली कला, असं वाटायचं.

पुढे गणपतीत मंडळाच्या स्टेजवर ही नक्कल करायची पाळी आली. समोर माईक होता, गर्दी होती, आणि मी आवाज काढायलाच विसरलो. सवयच नव्हती ना! पुढे बसलेले मागवाले हसून लोळत होते आणि पाठीमागचे दुकानदार, कारकून "आवाज! आवाज!" म्हणून बोंबलत होते. मला वाटलं माईक बिघडलाय. मी त्याला टिचक्या मारल्या आणि पुन्हा बिनआवाजीच सुरू झालो. हे सगळं मी ठरवून केलं असं लोकांना वाटलं, आणि त्या वर्षी पार शहरातल्या सात रस्ता चौकापर्यंत माझं नाव झालं. गाढवपणाचं असं चीज क्वचितच होतं.

नंतरच्या आयुष्यात टीव्हीच्या मालिकांनी मला घरोघर नेलं, सिनेमेही बरेच मिळाले. दिग्दर्शक सांगतात, "काका, तुम्ही बोलू नका, नुसतं बघा, लोक हसतील." मुलाखत घेणारी मुलं विचारतात, हे तुम्ही कुठल्या नाट्यशाळेत शिकलात? मी शेडचं सांगतो. ती मान डोलावतात आणि पुढचा प्रश्न विचारतात. म्हणून शेड सुटली कशी, ते इथं जरा सविस्तर सांगतो.

सोलापुरात एक ऑर्केस्ट्रा आला होता. त्यांना दोन गाण्यांच्या मधे नकला करणारा माणूस हवा होता. मला बघून म्हणाले, चल मुंबईला. आई रडली. आप्पांनी एकच अट घातली.

"जेवान येळेवर मिळालं तर ऱ्हा तितं. उपाशी ऱ्हायची पाळी आली तर सरळ गाडीत बसून यायचं. तुजा माग मी कुनाला देऊ देत न्हाय."

"आन नाव झालं तर?"

"नावाचं मला काय सांगू नगंस. जेवनाचं सांगत जा."

माझा माग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून आप्पा स्वतःच्या मागांबरोबर तोही सांभाळायला लागले. मालक कुरकुरले, पण आप्पांच्या हाताला दोष नव्हता, म्हणून गप्प बसले.

ऑर्केस्ट्रा लवकरच मोडला. मी नाटकाच्या एका तालमीच्या हॉलमध्ये पथारी टाकली आणि स्टुडिओच्या फाटकांवर उभा राहायला लागलो. एखादा दिवस काम, मग नुसती वाट बघणं. सोलापूरचं कुणी भेटलं की माझा निरोप ठरलेला, आप्पांना सांगा, मजेत आहे, दोन्ही वेळ जेवतोय. दुसरं काय सांगणार? खरं कळलं असतं तर त्यांनी मला बोलावून घेतलं असतं. तो राखून ठेवलेला माग मला आधार वाटायला हवा होता, पण मला त्याचीच भीती वाटायची.

मग एका मराठी चित्रपटात हॉटेलातल्या वेटरचं काम मिळालं. नायक-नायिका टेबलाशी बसून प्रेमाचं बोलणार आणि मी त्यांच्या पाठीमागे भज्यांची बशी घेऊन उभा. दिग्दर्शक म्हणाले, "तू नुसता पुटपुटत राहा. काय म्हणायचं ते डबिंगला बघू." आदल्या दिवसापासून माझ्या पोटात अन्न नव्हतं. युनिटचं जेवण आमच्यासारख्यांपर्यंत येईतो पातेली खरवडून झाली होती. हातात खमंग दिसणारी भजी होती, पण शॉट संपायच्या आत कुणी खाऊन टाकू नयेत म्हणून त्यांच्यावर रॉकेल शिंपडलेलं. कॅमेरा सुरू झाला आणि पुटपुटायला मला दुसरं काही सुचेना. ओठ शेडमधल्यासारखे हलले.

"आप्पा, कालधरनं पोटात काय न्हाय. आन ह्या भज्यावर बी रॉकेल मारलंय."

दिग्दर्शक खूश झाले. म्हणाले, काय चेहरा केलास रे! कॅमेरा जवळ आणून त्यांनी तोच शॉट पुन्हा घेतला आणि मी पुन्हा तेच म्हणालो. डबिंगला मला बोलावलंच नाही. माझी सोलापुरी बोली त्यांना चालणार नव्हती, म्हणून दुसऱ्याचा आवाज लावला.

चित्रपट सोलापूरला लागला तेव्हा मी घरी आलो. आप्पांनी शेडमधल्या जोडीदारांना गोळा केलं आणि दुपारच्या खेळाला आम्ही एक आख्खी रांग धरून बसलो. आप्पांच्या अंगात धुतलेला सदरा होता. आवाज माझा नाही हे कळलं तर यांना काय वाटेल, एवढीच मला धास्ती होती. पडद्यावर हॉटेल आलं. माझं तोंड भिंतीएवढं झालं आणि कुणाच्या तरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, "मालक, गिऱ्हाईक प्रेमात पडलंय, बिल कुणाच्या बापाला देऊ?"

थेटर खदखदून हसलं. शिट्ट्या पडल्या. आमची रांग तेवढी हसली नाही. एकेकानं माझ्याकडे वळून बघितलं आणि पुन्हा तोंड फिरवलं, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या माणसांचं आवाजाकडे लक्षच नव्हतं. जन्मभराच्या सवयीनं त्यांनी माझे ओठ वाचले होते. आप्पा पडद्याकडेच बघत राहिले, आणि लाजेनं मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

खेळ सुटल्यावर बाहेर लोकांनी मला गराडा घातला. "लई भारी! कुनाच्या बापाला देऊ म्हनं!" जो तो पाठ थोपटत होता. त्या गलक्यात आप्पा माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि आवाज न काढता त्यांनी ओठ हलवले.

"आसं कितींदा झालं?"

मीही तसंच उत्तर दिलं. "लई येळा, आप्पा."

"आन मजेत हाय म्हनून निरोप धाडत हुतास."

"व्हय."

"मग ठरलं हुतं तसं आता घरी यायचं."

कुणीतरी माझा हात धरून हलवत होतं. मी आप्पांवरची नजर काढली नाही. "न्हाय, आप्पा. उपाशी ऱ्हाऊन का हुईना, मला ह्येच करायचं हाय."

ते एक पाऊल पुढं आले. मला वाटलं, आता चारचौघांत कानाखाली बसणार. पण ते शेजारच्या जोडीदाराकडे वळले आणि मागवाल्यांचा असतो तसल्या दणदणीत आवाजात म्हणाले, "उद्या मालकाला सांगा, पोराच्या मागावर दुसरा गडी घ्या म्हनावं. ह्यो काय आता परत येत न्हाय!"

लोकांना वाटलं बाप कौतुकानं बोलतोय. ते पुन्हा हसले, कुणी टाळ्याही वाजवल्या. मला मोकळं वाटायला हवं होतं, पण आता दुसरीच भीती वाटली. परत यायला आता जागा उरली नव्हती, आणि इतके दिवस ती राखून ठेवणाऱ्या माणसानंच माझ्यासाठी ती मोडून टाकली होती.