म्हातारीचा ड्राइव्ह

मोसंबी सोलली की आठवतं, आम्ही दोघा नवरा-बायकोनं शेवटची मोसंबी बांधावर अर्धी-अर्धी खाल्ली. आंबट निघाली म्हणून तिनं मलाच बोल लावला. ती गेल्यावर तिच्या आवाजात भरून ठेवलेल्या ओव्या कॉम्प्युटरात फोल्डरच्या पोटातल्या फोल्डरात होत्या, मला एकट्याला सापडायच्या न्हाईत. एका सांजेला सुनेनं एक ओळ टाइप केली अन् तो फोल्डर वेगळा ड्राइव्ह, म्हंजी सवता कप्पा, होऊन समोरच दिसाया लागला. "मामा, ओव्या जागच्या जागीच हायेत, दार तेवढं नवं." मी दाबलं, तिचा आवाज आला. मी शेजाऱ्याला हाळी दिली, "जल्दी ये, म्हातारीला सवतं घर मिळालं." घरात नवं काही आलं की हळदीकुंकू तीच लावायची. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून कॉम्प्युटरला हळदीकुंकवाची बोटं मी ओढली.