हिरव्या पाण्यातला पाहुणा

स्वच्छ पाणी माणसाला त्याचा तळ दाखवतं. हे वाक्य मी वेगवेगळ्या व्यासपीठांवरून इतक्यांदा ऐकलं आहे, की ते खरं असेल का अशी शंका येऊ लागली होती. बोलणाऱ्याच्या पुढ्यात बहुधा बाटलीबंद पाणी असतं आणि त्यातून बाटलीचा तळ दिसतो, एवढं मात्र खरं. रत्नागिरीत आमच्या घरापुढे खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला एक लहानसं तळं आहे. त्यातल्या पाण्याने गेल्या वर्षी आम्हाला कुणाचाही तळ दाखवायला साफ नकार दिला. बोट बुडवलं तर नख दिसत नव्हतं.

तळं हा माझा शब्द. निवृत्त झाल्यावर वेळणेश्वरच्या वाटेवर एका हॉटेलात तसलं काहीतरी पाहिलं आणि घरी येऊन चिरे रचून, आतून सिमेंट लावून ते बांधून घेतलं. काठावर बसून वाचायचं, असा बेत होता. पहिल्याच संध्याकाळी पुस्तक उघडलं, डास आले, मी आत गेलो. त्यानंतर त्या तळ्याकडे फक्त आंब्याची पानं जात राहिली. माझी बायको त्याला डबकं म्हणते. समोरच्या बंगल्यातले साहेब पाण्याशी संबंधित सरकारी नोकरीतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झाले आहेत. ते त्याला जलाशय म्हणतात.

आमच्या दगडी गडग्याच्या कुंपणापलीकडे चाची राहते. तिचा नवरा जन्मभर बोटीवर होता. शेवटी घरी येऊन बसला, तेव्हा एक दिवस बाजारातून पिशवीत बोटभर मासा घेऊन आला. पांढरा, डोक्यावर तांबडा डाग असलेला. आयुष्य समुद्रावर काढलेल्या त्या माणसाने घरात आणलेला हा एकमेव न खाण्याचा मासा. वर्षभरात तो गेला, मासा राहिला. चाची त्याला मागच्या टाकीत पाळायची, त्याच्याशी बोलायची आणि कुणी 'कसला मासा' म्हणून विचारलं तर सरळ सांगायची, "आमच्या माणसाचा."

गेल्या पावसाळ्यात चाचीला कुवेतला जावं लागलं. सुनेचं बाळंतपण होतं. घराला कुलूप लागणार, तर माशाचं काय? एका सकाळी ती बिर्याणीचा मोठा टोप दोन्ही हातांनी धरून, वर झाकण ठेवून आमच्या फाटकातून आत आली.

समोरून साहेबांनी पाहिलं. "काय चाची, आज काय विशेष?"

"मासा हाय."

"अरे वा!"

"बघायचा," चाची म्हणाली. साहेब पेपरात परत गेले.

आम्ही तळ्यातली पानं काढून पाणी भरून ठेवलं होतं. चाचीने टोप हळूच बुडवून कलता केला, मासा बाहेर पडला, एक चक्कर मारून स्थिरावला. मग तिने बायकोच्या हातात खाण्याची बरणी आणि औषधाच्या बाटलीबरोबर येतो तसला चिमुकला प्लॅस्टिकचा चमचा दिला.

"बाय, सकाळी एक चमचा. बस. वर काय नको."

"चाची, इतकंसंच? दिवसभराचं?"

"इतकंसंच. आनि मास्तर," ती माझ्याकडे वळली, "मांजरावर लक्ष ठेव. तुझ्यावर बाय ठेवील."

ती गेली. बायको चमच्याकडे बराच वेळ बघत होती. हा चमचा म्हणजे आमच्या घराचा अपमान होता. आमच्याकडे पाहुणा दोन दिवस राहिला, तर जाताना तो वजनाने वाढलेला असावा अशी अपेक्षा असते. तसा नसला तर त्याच्या घरचे लोक काय म्हणतील, यावर बायकोच्या माहेरी अजून चर्चा होते. चाचीचा मासा चार महिने आमच्याकडे राहणार आणि बारीक होऊन परत जाणार? "नवऱ्याची आठवण आहे हो ती तिची," बायको म्हणाली आणि दुपारी उरलेला भात घेऊन बाहेर गेली. तेव्हापासून तो भात रोजचा झाला. घावन असले तर घावनाचा तुकडा, पोहे असले तर पोहे. मी सकाळचा चमचा टाकायचो, पण तो चमचा मला स्वतःलाच इतका केविलवाणा वाटायचा, की त्यावर आणखी दोन पडायचे. हे मी बायकोला सांगितलं नव्हतं. तिने भाताचं मला सांगितलं नव्हतं.

पाऊस होता तोवर सगळं ठीक चाललं. रोज वरून नवं पाणी पडायचं, जुनं काठावरून वाहून जायचं. मग पाऊस गेला आणि ऊन आलं. खळ्यावरचा मांडव आम्ही दर वर्षी पावसाआधी उतरवतो आणि दिवाळी झाल्यावर घालतो. मधल्या दिवसांत तळ्यावर आकाशाखेरीज काही नसतं. पाणी आधी लिंबासारखं झालं, मग पोपटी आणि एका आठवड्यात असं घट्ट हिरवं, की त्यात पडलेलं पान वेगळं ओळखू येईना. मासा वर येईनासा झाला. टाकलेलं अन्न नाहीसं व्हायचं, पण आमच्याकडे कावळेही आहेत.

चाचीचा व्हिडिओ कॉल दर शुक्रवारी यायचा.

"मास्तर, मासा दाखव."

मी फोन पाण्यावर धरला.

"हे काय? पालकाची भाजी काय दाखवतोस? मासा दाखव."

"तळाशी आहे, चाची. झोपलाय."

"मग उठव."

"असं कसं उठवायचं?"

"मासा डोले उघडे ठेवून झोपतो. तुला दिसत नसंल, त्याला दिसतंय. हाक मार." मग ती जरा थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "खाल्लास तर नाय ना रे?"

"चाची!"

"तसा नाय म्हनत मी. पन तू कोकनातला."

मी फोन बायकोकडे दिला. बायकोने बाळाची चौकशी केली. बाळाचं वजन, रंग, नाक. चाची सगळं सांगत होती, पण तिचे डोळे फोनच्या कोपऱ्यात, आमच्या मागच्या हिरव्या पाण्यावर होते. रात्री जेवताना बायको म्हणाली, "तो नसला, तर तिला काय सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना विचारायची चूक केली. ते चष्मा, टोपी आणि एक काचेचा पेला घेऊन आले. पेल्यात पाणी घेऊन उजेडाकडे धरलं, फिरवलं आणि म्हणाले, "हा जलव्यवस्थापनाचा प्रश्न आहे." मलाही तसंच वाटत होतं, फक्त मी ते चहा न पिता म्हणू शकलो असतो. चहा आला. साहेबांनी आम्हाला जलाशयाचं आरोग्य, प्रवाहाचं महत्त्व आणि त्यांनी पूर्वी एका मंत्र्याला दिलेलं उत्तर यांबद्दल सांगितलं. मग म्हणाले, "ब्लीचिंग पावडर टाका. दोन दिवसांत आरसा."

"अहो, आत मासा आहे!" बायको म्हणाली.

"असेल तर," साहेब म्हणाले.

त्या दोन शब्दांनंतर बायकोने त्यांना बिस्किटं पुढे केली नाहीत.

ब्लीचिंग रद्द झाल्यावर कारंजं ठरलं. पाणी खेळतं राहिलं की स्वच्छ होतं, असं साहेबांचं मत. त्यांच्याकडे जुन्या कूलरचा छोटा पंप होता. तो बसवला आणि चालू करण्याआधी साहेब म्हणाले, "नारळ?" पंपाला नारळ लागतो हे मला माहीत नव्हतं, पण आमच्याकडे नारळ नाही असं म्हणायची सोय नाही, झाडं फाटकातूनच दिसतात. नारळ चिऱ्यावर फुटला. अर्धं पाणी तळ्यात गेलं, पाठोपाठ हळदकुंकू. साहेबांनी दोन शब्द बोलून बटण दाबलं. कारंजं उडालं. ते हिरवं होतं. साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर त्याची नक्षी उमटली आणि पंपाने आत पान ओढून घेऊन कायमचं मौन पत्करलं. उद्घाटनानंतर लगेच बंद पडलेल्या कामाचा साहेबांना अनुभव असावा. ते शांतपणे घरी गेले.

राहिला उपसा. आमच्याकडे पाण्याचं काहीही बिघडलं, की उपाय एकच, उपसून काढा. उन्हाळ्यात विहीर उपसतात, तळ खरवडतात, नवं पाणी लागलं की सगळे बरे होतात. बायको बादली घेऊन तयार होती. मी आडवा आलो. पाणी एकदम बदललं तर मासा घाबरेल, विहिरीचं पाणी त्याला मानवणार नाही, जिवंत पाण्याचा स्वतःचा असा एक समतोल असतो, वगैरे बरंच बोललो. साहेबांची संगत अशी लागते. खरं कारण साधं होतं. पाणी उपसलं असतं तर मासा आहे की नाही हे कळलं असतं, आणि मला त्यातलं एकच कळायला हवं होतं. पाणी हिरवं होतं तोवर शुक्रवारी 'तळाशी आहे' एवढं तरी म्हणता येत होतं.

बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि बादली खाली ठेवली. तिलाही कळायला नको होतं.

दिवाळी झाली. नेहमीप्रमाणे बांबू उभे राहिले, वर नारळाच्या पात्यांचे विणलेले झाप पडले, आणि खळ्यात व तळ्यावर गार सावली आली. दुसऱ्याच दिवशी आम्ही लेकीकडे पुण्याला गेलो. जाताना तळ्याकडे पाहायचं दोघांनीही टाळलं. साहेबांना घराकडे लक्ष ठेवायला सांगितलं, पण त्यांना मुंबईत कुठल्याशा सत्काराला जायचं होतं. म्हणजे आठ-दहा दिवस त्या पाण्यासाठी कुणीही काहीही केलं नाही. भात नाही, चमचा नाही, मार्गदर्शन नाही.

परत आलो. रिक्षातून सामान उतरवत होतो, तेवढ्यात बायकोची हाक आली. "अहो, इकडे या. आधी इकडे या."

पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं, पण आरपार. तळाचे चिऱ्याचे खडे दिसत होते. आणि त्यांच्यावर, पंपाच्या बाजूला, मासा. तोच असणार, कारण दुसरा कुणी आत गेला नव्हता. पण तो आता बोटभर नव्हता. हातभर नसला तरी हाताच्या दिशेने निघाला होता. डोक्यावरचा तांबडा डाग फुगवलेल्या फुग्यावरच्या चित्रासारखा पसरला होता. आम्हाला बघताच तो सुसाट वर आला आणि तोंड उघडून उभा राहिला.

"उपाशी आहे हो," बायको कळवळली आणि स्वयंपाकघराकडे वळली. मी तिचा हात धरला. तिथे काठावर उभं राहून दोघांनी एकमेकांना भात आणि चमचे यांची कबुली दिली. साहेब आले, तेव्हा तेही संध्याकाळी फिरून येताना बिस्किटं टाकत होते असं कळलं. ग्लुकोजची. "राष्ट्रीय संपत्ती आहे," ते म्हणाले. म्हणजे पाहुण्याला तीन घास सकाळी, ताटभर दुपारी आणि संध्याकाळी बिस्किटं. त्याने वर येणं सोडलं होतं, कारण वर येण्याची त्याला काही गरज उरली नव्हती. उरलेलं खाऊन आणि वरून ऊन पिऊन पाणीही त्याच्यासारखंच पोसलं होतं.

त्या दिवसापासून एकच चमचा. बरणी बायकोने कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली दोघांनाही दिसेल अशी. पाणी आणखी निवळलं. चाची आता परतीच्या गडबडीत होती, शुक्रवारचे कॉल थांबले होते.

चाची आली ती थंडीत. पेटी अजून रिक्षात होती, बाई आमच्या फाटकात. साहेब मागोमाग आले. ती तळ्यापाशी उभी राहिली, वाकली, आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"हा माझा नव्हे," ती म्हणाली.

"चाची, अहो तोच आहे."

"माझा इवलासा होता. हा बाजारातून आनलास तू, मास्तर." ती रागावली नव्हती, ते जास्त वाईट होतं. "मेला तर मेला म्हनायचं. मना सांगायचं. दुसरा कशाला आनायचा?"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. "आम्ही नाही आणला हो. खाऊन खाऊन वाढला. डाग बघा ना."

"डाग केवढा! त्याचा हवढा नव्हता."

माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता. इतके शुक्रवार दाखवलेल्या हिरव्या पाण्याच्या जोरावर कुणी माझ्यावर विश्वास ठेवावा, असं मलाही वाटत नव्हतं.

चाची काठावर बसली. मग हातातल्या बांगड्या चिऱ्यावर हळूच वाजवल्या आणि पाण्याकडे न बघता म्हणाली, "ये रे राजा. ये."

मासा तळातून निघाला. सरळ तिच्या हाताकडे आला, बोटांना तोंड लावलं आणि तिथेच शेपूट हलवत थांबला.

चाचीने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. "ओळखलंन," ती म्हणाली. "बाय, ओळखलंन मना. ते असंच बोलवायचे त्याला." बायकोने तिचा खांदा धरला. साहेबांनी चष्मा काढला आणि ते मुक्या जिवाची निष्ठा या विषयावर थोडक्यात, म्हणजे त्यांच्या मानाने थोडक्यात, बोलले. कधी नव्हे ते आम्ही त्यांना बोलू दिलं. मग मी जाऊन चाचीच्या घरून बिर्याणीचा टोप आणला.

त्याच दिवशी सकाळी विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसासाठीही तो असाच वर आला होता.