कुंडलिकेतला शेजारी

पंचवटीतल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ प्रत्येक वाक्य "मी सांगतो ना" असं सुरू करतात. भाजी कुठून घ्यावी, लिफ्ट का बिघडते, सगळं त्यांना ठाऊक असतं. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे नुसतं ऐकून घ्यायचं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमची दोन्ही कुटुंबं कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंगला गेली. आधी कुणीच केलेलं नव्हतं. तरी रबरी बोटीत बसल्या बसल्या ते गाईडला म्हणाले, "मी सांगतो ना, डावीकडून घ्या." वल्हं नीट धरत नाही म्हणून बायकोलाही त्यांनी सगळ्यांसमोर झापलं.

पहिल्याच मोठ्या खळाळात बोट कलली आणि वहिनी पाण्यात पडल्या. लाइफ जॅकेटमुळे त्या तरंगल्या. त्यांनी वर केलेला हात यांच्या अगदी जवळ आला होता. यांनी बोटीची दोरी दोन्ही हातांनी आवळली, डोळे मिटले आणि "अहो, कुणीतरी घ्या तिला" एवढंच म्हणत राहिले. शेवटी गाईडनेच पुढे येऊन वहिनींना जॅकेटला धरून वर ओढलं.

नाशिकला परतल्यावर त्यांच्याकडे चहाला शेजारी जमले. "मी सांगतो ना," ते म्हणाले, "मी वजन टाकलं म्हणून बोट उलटली नाही. तिथे घाबरून चालत नाही."

वहिनी कप ठेवत होत्या. नवऱ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "खरंय. यांनी दोरी शेवटपर्यंत सोडली नाही."

 ते खूश होऊन मान डोलावत राहिले.