देवयानीच्या आड आलेला हात

मी फिजिक्स शिकवतो. भुताखेताचा विषय निघाला की सगळ्यात आधी हसणारा मीच... त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखंच होतंय.

आम्ही इंदूरचे, मल्हारगंजात राहतो. तिथे गच्चीवरून चंद्र सोडला तर धड काही दिसत नाही, म्हणून मागच्या हिवाळ्यात टेलिस्कोप गाडीत टाकून मानपुरच्या पुढे एका मित्राच्या फार्महाउसवर गेलो. बायको मेधा आणि बाबा सोबत. काचबिंदूने बाबांची नजर पार गेलीय — उजेड-अंधारसुद्धा कळत नाही. त्यांना घरी एकटं कसं ठेवणार?

बाबा आत झोपले. मी मागच्या अंगणात अँड्रोमेडा गॅलेक्सीवर, म्हणजे आपल्या देवयानीवर, टेलिस्कोप लावला. कॅमेरा आपोआप फोटो काढत होता, मेधा लॅपटॉपवर बघत होती. मस्त येत होते.

"अहो, हे काय मध्येच?"

देवयानीसमोर पंजा! काळा, पसरलेला, बोटांच्या कडा एकदम शार्प. आता बघा — फोकस लाखो प्रकाशवर्षं लांब. नळीसमोर खरंच कुणी हात धरला तर फोटो नुसता काळपट होईल, बोटं दिसणारच नाहीत. मी धावत जाऊन पाहिलं. समोर काही नाही, आभाळ साफ. आणि पुढच्या फोटोतही तोच पंजा...

मेधा हळूच म्हणाली, "करंगळी बघा ना... बाबांसारखी वाकडी आहे."

आम्ही खोलीकडे पळालो. आत मिट्ट काळोख. मी टॉर्च लावला. बाबा पलंगावर उठून बसलेले, उजवा हात डोळ्यांसमोर धरलेला.

"अरे, वो लाइट बंद कर ना! डोळ्यात जातोय."

मी घाबरून टॉर्च विझवला. "केला, बाबा."

"कुठे केला? तो मोठा रे! तिरपा, पांढरट... मधे जास्त, कडेला विरत गेलेला."

देवयानीचं असं वर्णन मी त्यांच्यासमोर कधी केलंच नव्हतं. मेधाने त्यांचा हात धरून खाली घेतला. बाहेर येऊन पाहतो तर नवीन फोटोत देवयानी स्वच्छ!

आमच्या तारे बघणाऱ्यांच्या ग्रुपवरचे मित्र, सगळे भिया लोक, आधी म्हणाले, एडिटिंग आहे. आता मूळ फाइली मागून घेऊन पुन्हापुन्हा तपासतायत. डॉक्टर म्हणतात, नजरेत काहीच फरक नाही. आणि खरं सांगू? परत तिकडे जायची हिंमत होत नाहीये.

बाबा मात्र चहाला बसले की विचारतात, "मानपुरला परत कधी चलायचं? या वेळी हात नाही आड धरणार मी. नीट बघीन."