काज करता करता ऐकायचं पुस्तक

सकाळी दुकान उघडलं की मावशी आधी दहा-बारा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. पांढरा दोरा, काळा, राखी. मग दिवसभर हात थांबवायला नको. "ओवायला लागले की माझे कान बंद होतात," असं ती म्हणायची. कानांना काम हवंच असायचं. आधी रेडिओ होता, नंतर मी.

काका कापड बेतायचे, कापायचे. मावशी शर्ट-कोटांची काजं हाताने करायची. कॉलेजातून परतताना मी दुकानात शिरायचे आणि बाकावर बसून तिला वाचून दाखवायचे.

आमच्या वाचनमंडळाने जुनं पाली वाङ्मय आपल्या भाषेत आणायचं मनावर घेतलं होतं. भाषांतर निवृत्त प्राध्यापक करायचे. त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. छपाईचा खर्च दर खंडाला कुणीतरी उचलायचं, आणि ज्याने उचलला त्याला छापण्याआधी सगळा खंड वाचून दाखवायचा, असा मंडळाचा रिवाज होता. बुद्धाच्या उपदेशांचा खंड मावशीने घेतला. काजाच्या मशीनसाठी साठवलेल्या पैशांतून.

काका बरेच दिवस धुमसत होते. "कोपऱ्यावरच्या शिंप्याने मशीन आणलं. आपली गिऱ्हाइकं तिकडे चाललीत, आणि ही बाई ग्रंथ छापतेय!"

"गिऱ्हाइकं तुमच्या बोलण्याने जातात," मावशी म्हणाली. "काजांनी नाही."

प्रुफं आली ती अगदीच थोड्या पानांची. सरांनी चक्रावून डीटीपीवाल्याला फोन लावला, तर तो खुशीत. "सर, एकच मजकूर चार-चारदा पेस्ट झाला होता तुमच्याकडून. उडवला सगळा. आभार नकोत, चहा पाजा."

पण तो मजकूर चुकून आलेला नव्हता. बुद्ध एक गोष्ट मातीचं उदाहरण घेऊन सांगतो, मग त्याच शब्दांत पाण्याचं, मग आगीचं, मग वाऱ्याचं.

सर प्रुफं घेऊन दुकानात आले आणि बाकावर विचारात पडले. "खरं सांगू का ताई, आता असंच राहू द्यावं. कागद महागलाय. सगळं परत घातलं तर तुम्ही दिलेलं पुरायचं नाही. गाळलेल्या जागी ठिपके देऊ. जुन्या पोथ्या लिहिणारेही असं गाळायचेच."

"लिहिणाऱ्यांचा हात दुखत असेल. ऐकणाऱ्याचं काय दुखतं?" मावशीने एका शर्टाची पट्टी मांडीवर घेतली. "बरं, वाचा ठिपक्यांसकट."

सर वाचू लागले. माती नीट झाली. पाण्यापाशी ते अडखळले. "पाणी... वगैरे. आग... वगैरे."

मावशीची सुई वरच राहिली. "झालं? मी तर अजून मातीतच आहे!"

काका फिस्सकन हसले. सरांनाही हसू आलं.

"तसं नाही सर. काजाच्या कोपऱ्यावर लक्ष गेलं की एखादं वाक्य निसटतं माझं. पाण्यापाशी ते परत येतं, तेव्हा धरते. आगीपाशी कळतं. वाऱ्यापर्यंत माझंच होऊन जातं. हातात काम असलेल्या माणसांनी हे कसं ऐकायचं मग?"

सरांनी प्रुफं मिटून मांडीवर ठेवली. "पटतंय हो. पण कागद?"

मशीनचे उरलेले पैसे अजून घरात होते. तेही दिले की मशीन येणार नव्हतं, आणि हे काकांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"जन्मभर कापत आलोय मी, सर. एकदा कापलं की सांधा दिसतोच. तुम्ही तरी कापू नका." मग मावशीकडे वळून, "आणि तू डोळे सांभाळ. आता तूच मशीन."

खंड जाडजूड निघाला, उशाला घेता येईल इतका. काकांनी दारावर पाटी लावली, 'येथे काजं हातानेच होतील'. कोपऱ्यावरच्याने चेष्टा केली. शर्टांची गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. कोटवाली काही परतली, आणि दोघांना तेवढी पुरली.

पुढे कितीतरी वर्षं मी तोच खंड तिला वाचत राहिले. हळूहळू सुईचं नेढं तिला दिसेनासं झालं. सकाळच्या सुया काका ओवून द्यायचे. त्या संपल्या की ती गुपचूप चाचपडत स्वतःच ओवायची.

ती गेली त्याच्या आदल्या दुपारी मी पाण्यापाशी पोचले होते. तिचे हात थांबलेले दिसले, म्हणून मीही थांबले.

"थांबलीस का गं? सुई ओवत होते," ती म्हणाली. "तू वाच. सुटलेलं पुढे येईलच."