दोदोल उतरेपर्यंत

आईने माळ्यावरचा तांब्याचा टोप काढायला सांगितलं, तेव्हा पप्पा गोव्याच्या इस्पितळात ऑक्सिजनवर होते. मला वाटलं, हिचं डोकं फिरलंय. मी तसं तिच्या तोंडावर म्हटलंही. माझ्या जिभेला हाड नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"खुळावलंस काय गो तू? थंय ते श्वासासाठी तडफडतत आणि तुका दोदोल सुचता?"

तिने पडवीतली शिडी ओढत आणली, भिंतीला लावली आणि सुजलेल्या गुडघ्याने स्वतःच चढायला लागली. मग काय करणार? चरफडत मीच वर गेले आणि टोप खाली काढला.

दोदोल म्हणजे आमचं नाताळचं गोड. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ. ऐकायला सोपं वाटतं. पण एकदा टोप चुलीवर चढला की घट्ट होऊन उतरेपर्यंत अर्धा दिवस ढवळत राहावं लागतं. हात थांबला की तळाला लागतं, आणि एकदा लागलं की करपट वास सगळ्या टोपाला. तारकर्लीच्या आमच्या वाडीत ते काम बापयांचं, म्हणजे पुरुषांचं, नाही. तरी आमच्या घरात दोदोल पप्पाच ढवळायचे. आयुष्यभर मासेमारी केली, आणि पहिली होडी मोडीत निघाली तेव्हा तिचं वल्हं कापून, तासून त्यांनी त्याचा कालथा केला. दोदोल झालं की त्याला तेल सुटतं; ते बघायला पप्पा बोटभर गोळा काढायचे, अंगठ्याने दाबायचे आणि तेलाने चकाकणारा अंगठा घरातल्या एकेकाच्या नाकासमोर नाचवायचे. "सुटला! तेल सुटला!" दरवर्षी तेच. आम्ही कंटाळायचो. मी तर म्हणायचे, "पप्पा, आमका दिसता हो, आंधळे नाय आमी."

आईच्या हट्टामागचं कारण मात्र मला माहीत होतं. नाही म्हणून चालणार नाही.

आमच्यात ज्या घरात मरण झालं, त्या घरात त्या वर्षी नाताळचं गोड होत नाही. तेल चुलीवर चढत नाही, घरात नाताळचा तारा लागत नाही. त्या घरी शेजारपाजारची माणसं ताटल्या आणून देतात. वर क्रोशाचा रुमाल, आत नेवऱ्या म्हणजे करंज्या, कुलकुल, केकचा तुकडा. एरवी ताटल्या जातात आणि येतात. दुःखाच्या घरी नुसत्या येतात. आईला त्या ताटल्या नको होत्या. आपण यंदा काही केलं नाही तर लोक समजतील ते समजतील, आणि मग एक दिवस कोणीतरी रुमाल टाकलेली ताटली घेऊन दारात उभं राहील. आपल्या घरातून ताटल्या बाहेर जायला हव्यात, बस्स. म्हणजे पप्पा परत येणार. एवढा साधा हिशोब तिने मनाशी मांडला होता आणि त्यावर ती अडून बसली होती.

मी कुडाळला नोकरी करते. रजा टाकून आले होते. इस्पितळात भाऊ होता. आई सुरुवातीला तिथेच बसून होती, पण बाकड्यावर बसून गुडघा असा सुजला की तिला धरून चालवावं लागे. शेवटी भावाने घरी पाठवली. आल्या आल्या तिने पीठ भिजवायला घेतलं.

त्या दिवसांत सकाळी मी खोबरं किसायची, ती पीठ मळायची. दुपारी दोघी समोरासमोर बसून कुलकुल वळायचो, नव्या कंगव्यावर पिठाचा गोळा दाबून, गुंडाळून.  एरवी ह्या कामात घर कसं खिदळत असतं! पप्पा एका बाजूने तळलेलं तोंडात टाकत असतात आणि आई त्यांच्या हातावर झारा मारत असते. आता कढईतल्या तेलाचा आवाज तेवढा यायचा. नेवऱ्या तळताना एक फुटली, सारण तेलात पसरलं, आणि आई त्या तेलाकडे बघत राहिली. मी ओरडले, "जळता गो तां!" तेव्हा तिने झारा उचलला.

त्यात पर्यटकांचा मोसम. भाड्याने द्यायच्या आमच्या दोन खोल्या आम्ही यंदा बंद ठेवल्या होत्या, तरी गाड्या दारात थांबायच्याच. एक बाई फाटकातूनच म्हणाली, "वास छान येतोय, होममेड काही विकत मिळेल का?" मी म्हटलं, "नाही, इथे फक्त रडायला मिळतं." ती बिचारी गोंधळली. तिचा काय दोष? पण मला त्या दिवसांत सगळ्या हसणाऱ्या माणसांचा राग यायचा.

इस्पितळात आत फोन चालत नसे. भावाने ठरवून टाकलं होतं. रोज संध्याकाळी बाहेर आला की तो फोन करणार. "मधीच फोन इलो तर समजा," एवढंच तो म्हणाला होता. काय समजा ते त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

दोदोलाचा दिवस उजाडला तो वाईटच. आदल्या संध्याकाळी भाऊ म्हणाला होता, डॉक्टर म्हणतात आता काही सांगता येत नाही. मी आईला म्हटलं, आज राहू दे. ती म्हणाली, "आजच." शेजारची काकी मदतीला आली. काकी हिंदू. चतुर्थीला तिच्या घरच्या नेवऱ्या आमच्याकडे येतात, नाताळाला आमची ताटली तिच्याकडे जाते. माझ्या जन्माआधीपासून चाललंय हे. ती आडाळ्यावर बसून नारळ खवत होती, आणि मागच्या पडवीत तीन दगडांच्या चुलीवर टोप चढला.

ढवळायला आम्ही तिघी. पाळीपाळीने. पप्पांचा तो कालथा माझ्या हातात पेलत नव्हता. सुरुवातीला रस पातळ असतो, तेव्हा काही वाटत नाही. मग गूळ पडतो, रंग काळपट होतो आणि ते हळूहळू जड व्हायला लागतं. खांदे भरून येतात. धुराने डोळे झोंबतात, तेवढं बरं होतं, रडायला कारण मिळत होतं. दुपार कलली तेव्हा दोदोल घट्ट होऊ लागलं होतं. आता तर एक क्षण हात थांबवायची सोय नव्हती.

आणि फोन वाजला.

खिडकीत ठेवला होता. पडद्यावर भावाचं नाव दिसत होतं. संध्याकाळ व्हायच्या आधीच.  कालथा माझ्याच हातात होता, आणि मी ढवळणं थांबवलं.

"हात थांबवू नको," आई म्हणाली.

"आई, फोन..."

"फोन घेव नको. आधी ह्यां उतरूक होया."

काकी उठली. "अगो, काय बोलतंस? पोरगो फोन करता. घे गो."

"नाय." आई खिडकीच्या आणि आमच्या मध्ये येऊन उभी राहिली. पाठ त्या फोनला लावून. "तेल सुटूक नाय अजून. मधीच सोडला तर फुकट जातला. ह्यांनी कधी मधी सोडल्यानी नाय."

फोन वाजून थांबला. परत वाजला. मी ढवळत होते. मला कळलं होतं ती काय करतेय. जोपर्यंत तो फोन कोणी उचलत नाही, तोपर्यंत आमच्या घरात काही झालेलं नाही. तोपर्यंत चूल पेटलेली चालते, गोड चालतं, ताटल्या बाहेर जातात. फोन उचलला की त्याच घडीला टोप खाली. आणि खरं सांगते, मलाही तो फोन उचलायचा नव्हता. वाजू दे मेलं. सांगायचंय काय ते आम्हाला ठाऊक होतं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आईने माझ्या हातातून कालथा हिसकावून घेतला आणि तोंडाने बायबलमधलं काहीबाही पुटपुटत ती इतक्या जोराने ढवळू लागली की चुलीचा दगड हलला. काकी तोंडाला पदर लावून भिंतीशी बसली.

फोन मग वाजला नाही.

तेल सुटलं का ते कोणी बघितलं नाही. अंगठा कोणी दाबला नाही. आईच्या हाताला अंदाज होता. आम्ही दोघींनी टोप उतरवला, तूप लावलेल्या ताटांत दोदोल ओतलं. तिने ते ओल्या हाताने सारखं केलं. कडा पुसल्या. चुलीवर पाणी मारलं. हात धुतले, केस सारखे केले, बाकावर बसली आणि म्हणाली, "आता लाव."

मी फोन लावला. भाऊ रडत होता. मी म्हटलं, "कधी?"

"काय कधी?" तो ओरडला. "खंय मेल्लात तुमी? पप्पांका बोलूचा होता! मास्क काढूक लावल्यानी, नर्सीक हात जोडल्यानी, म्हणाले घरी लाव, आज दोदोल आसा. तेल सुटला काय विचार. मी तीनदा लावलंय. तीनदा!"

"मगे आता दी त्यांच्याकडे," मी म्हटलं. 

"आता नळी घातल्यानी तोंडात. झोपवून ठेवल्यानी. आता खंयचा बोलणा?"

आईला सगळं ऐकू जात होतं. तिने हात पुढे केला, फोन घेतला, कानाला लावला. "सांग त्यांका," ती म्हणाली, "सांग..."  फोन तिने माझ्या मांडीवर ठेवला. आत गेली आणि दार लोटून घेतलं. मग आतून तिचा हंबरडा आला. असा आवाज मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता, पुन्हा ऐकायचा नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गोव्याला गेलो. तिला एकटीला आत सोडलं, थोडा वेळ. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "सांगूचा होता तां ऱ्हवलाच. त्यांचे पाय थंड होते, मी पायच चोळत ऱ्हवलंय." नळी काही निघाली नाही. नाताळ तोंडावर असताना पप्पा गेले. आमच्या चर्चमध्ये येशूजन्माच्या गोठ्याची आरास अर्धी झालेली होती, तिच्या बाजूनेच त्यांना नेलं.

घरी आल्यावर कोठीच्या खोलीत फडक्याखाली दोदोलाची ताटं तशीच. डब्यात कुलकुल, नेवऱ्या. आई म्हणाली, "उडय सगळा." माझ्याने फेकवेना आणि ठेवूनही घेववेना. एके दुपारी काकी मागच्या दाराने आली, कोणाला काही न विचारता एकेक ताट उचलून घेऊन गेली. मला वाटलं, बरं झालं, नजरेआड झालं.

मग ताटल्या आल्या. नाताळच्या सकाळी, चर्चमधून परतणारी माणसं, नवे कपडे, हातात रुमाल टाकलेली ताटली. हळू आवाजात बोलायची, टेबलावर ठेवायची, जायची. मला त्या प्रत्येक ताटलीची चीड येत होती. माणसं चांगली होती हो, रीत होती, त्यांनी करायचं ते केलं. पण आईने ज्याच्या भीतीने फोन उचलला नाही तेच आता टेबलावर एकावर एक रचलं जात होतं. ती खुर्चीत बसून बघत होती. एकाही रुमालाला तिने हात लावला नाही.

दुपारी काकी आली. तिच्याही हातात ताटली. वर तिच्याकडचा देवपूजेचा धुतलेला पंचा. मी म्हटलं, "काकी, तू पण?" माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, ती जरा थबकली. मग माझ्याकडे न बघता आईच्या समोर जाऊन बसली आणि पंचा बाजूला केला. आत आमचंच दोदोल होतं. शंकरपाळ्यासारखं कापलेलं, काजू लावलेले.

"तुझ्या घरचा नाय," काकी म्हणाली. "माझ्या घरात्सून इला. वाडीत सगळ्यांक माझ्या दारात्सून गेला. ह्यां तुझ्या वाट्याचा."

आई त्या ताटलीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता भिरकावते. तिने एक तुकडा उचलला. तोंडात नाही घातला. अंगठ्याखाली धरला आणि दाबला, सावकाश, पप्पा दाबायचे तसा. अंगठा चकाकला. तिने तो आधी काकीला दाखवला, मग मला. मग हात तसाच वर धरून ती मागच्या पडवीच्या दाराकडे वळली, जिथे भिंतीला पप्पांचा कालथा टेकवून ठेवलेला होता.

"सुटला हो," ती म्हणाली. "बरोबर सुटला."

आणि हात खाली न घेता तशीच बसून राहिली.